न डिवचलेल्या पेशी

आभाचा प्रयोग फसला तर अनुजाच्या पदरात काय काय पडणार, याची मांडणी आभाने मनात केव्हाच करून ठेवली होती. एक तर विषय. टी-पेशीच्या आत निरोप कसा पोचतो, हा विषय लॅबच्या प्रमुख देबजानीदींनी आभाकडे सोपवला होता, पण अनुजाची पीएचडी त्याच्याच कडेकडेने चालली होती, आणि आभाची मुदत वाढली नाही तर तो सगळाच्या सगळा तिच्याकडे घरंगळत गेला असता. मग शोधनिबंधावरचं पहिलं नाव. मग मायक्रोस्कोपची सकाळची वेळ, जी आभाने तीन वर्षं कुणाला दिली नव्हती. खिडकीजवळची खुर्ची, जिच्यावर एसीचा झोत येत नाही. आणि देबजानीदींच्या तोंडचं 'शोना', म्हणजे बंगालीतलं 'सोन्या', जे सध्या आठवड्यातून एखाद्या वेळी आभाच्या वाट्याला यायचं. तोट्याच्या बाजूला लिहायला आभाला काही सापडेना. एवढा फायदा समोर वाढून ठेवलेला असताना कुणी हात बांधून बसेल, हे तिला पटत नव्हतं. आपण बसलो असतो का, हा रकाना तिने मांडणीत धरलाच नव्हता.

ही मांडणी सुरू झाली ती फेब्रुवारीतल्या एका सकाळी. सॉल्ट लेकमधल्या त्या संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर मायक्रोस्कोपची एक बिनखिडकीची खोली आहे. तिथे ती पडद्यासमोर बसली होती. डिशच्या काचेवर टी-पेशी होत्या, रक्तातून वेगळ्या काढलेल्या, आणि त्यांच्या पोटात असा रंग भरलेला होता की आत कॅल्शियम वाढलं तर हिरवा चमकावा. ही कंट्रोलची डिश. हिला काहीच करायचं नसतं. पेशी स्वस्थ पडून आहेत, अंधार आहे, एवढं नोंदवायचं आणि पुढच्या डिशकडे वळायचं. आभाने चहाचा विचार केला. तेवढ्यात पडद्यावर एक ठिपका हिरवा झाला. मग त्याच्या शेजारचा. मग लांबचे दोन, आणि पाहता पाहता समोरच्या इमारतीत संध्याकाळी एकेक खिडकी उजळावी तसा सगळा पडदा. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात. ओळखीचं काही येऊन त्यांना भिडलं की त्यांच्या आत लोंबणाऱ्या शेपटांवर फॉस्फेटची मोहोर उठते. त्या मोहोरेवर एक प्रथिन येऊन बसतं, ते दुसऱ्यावर मोहोर उठवतं, दुसरं तिसऱ्याला हलवतं, आणि फाईल टेबलाटेबलावरून सरकावी तसं सरकत सरकत शेवटी कॅल्शियमच्या कोठाराचं दार उघडतं. बाहेर जे येऊन भिडलं ते बाहेरच राहतं. आत जातो तो निरोप. या साखळीतलं एकेक नाव आभाला आरतीसारखं पाठ होतं. पण साखळी सुरू व्हायला कुणीतरी भिडावं लागतं, आणि आभाने तर कुणाला भिडवलं नव्हतं. मग कुणी भिडवलं?

"झालं का ताई?" मागून आवाज आला. दार किलकिलं करून अनुजा उभी होती, हातात काचांचा ट्रे. "मी जरा पाणी खाऊन येऊ?"

"पाणी पितात," आभा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

"हो, पितात. पिऊन येऊ?"

अनुजाचं मराठी असं होतं. वडील अनिलराव लष्कराच्या हिशेब खात्यात बदली होऊन बराकपूरला आले आणि निवृत्त झाल्यावर तिथेच राहिले. मुलगी तिथेच जन्मली, तिथल्या शाळेत वाढली. ती ट्रेन पकडायची नाही, 'धरायची'. पाणी आणि चहा दोन्ही 'खायची'. आभाला सुरुवातीला याचं कोण कौतुक. आख्ख्या लॅबमध्ये मराठी समजणारं दुसरं माणूस, म्हणजे माहेरचं कुणी भेटल्यासारखं. शेजारच्या टेबलावरचा तीर्थंकर दोघींना 'बर्गी' म्हणायचा, म्हणजे पूर्वी बंगाल लुटायला आलेले मराठे स्वार. बागबाजारला आभाचं भाड्याचं घर आहे हे कळल्यावर तर त्याला ऊतच आला. "तुमच्या भीतीने या शहराने तिथूनच खंदक खणायला घेतला होता. अर्धा खणला, आणि तुम्ही आलातच नाही. केवढा अपमान!" अनुजा खळखळून हसली होती. आभा हसली, पण हसताना तिच्या मनात आलं, ही कुणाच्या बाजूने हसली?

असं काही मनात आलं की ते जात नसे, हा आभाचा स्वभाव, किंवा घराण्याचा. तिचे वडील श्यामसुंदर केंद्र सरकारच्या नोकरीत, दर तीन वर्षांनी नवं गाव, नवं क्वार्टर, नवी कामवाली. प्रत्येक नव्या घरात ते पहिल्या दिवशी साखरेचा डबा सपाट करून त्यावर बोटाने एक रेघ ओढायचे. संध्याकाळी ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी डबा उघडायचे. रेघ जागच्या जागी असायची. गाव बदललं, डबे बदलले, रेघ काही मोडली नाही. आणि आभाला आठवतं ते हे, की रेघ शाबूत दिसली की बाबांच्या चेहऱ्यावर समाधान नसायचं, थोडा हिरमोड असायचा. आई चहा टाकता टाकता म्हणायची, "सापडला का चोर?" बाबा डबा बंद करत म्हणायचे, "हुशार दिसतेय." ही 'हुशार दिसतेय'ची चव आभाच्या जिभेवर लहानपणापासून होती. शौनकशी लग्न झालं, पुण्याहून त्याच्या कंपनीने त्याला इथल्या सेक्टर फाइव्हमधल्या ऑफिसात पाठवलं, ती मागोमाग आली, ही नोकरी मिळाली, सगळं बदललं. पण लॅबमधला आपला डबा फ्रिजमध्ये ठेवताना झाकणावरची अक्षरं किंचित तिरकी ठेवायची, म्हणजे कुणी हलवला तर कळावं, हे ती कुणाकडून शिकली ते तिला कुणी सांगायला नको होतं.

फेब्रुवारीभर कंट्रोल उजळत राहिला. कधी जास्त, कधी कमी, पण अंधार म्हणून नाही. आभाने रंग बदलला, पेशी धुवायचं पाणी बदललं, इनक्युबेटर पुसून घेतला. मग तिने माणसं मोजली. काचा कोण तयार करतं? जानेवारीपासून अनुजा. डिश खोलीत कोण आणून ठेवतं? अनुजा. खोलीची दुसरी किल्ली? डिवचायचं औषध, ज्याचा एक थेंब या पेशींना जागं करायला पुरतो, ते फ्रिजच्या कुठल्या खणात आहे हे कुणाला माहीत? शौनकला तिने रात्रीच्या जेवणात हे ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, ती पोरगी दोन तास लोकलने येते, दोन तास घालवून घरी जाते. तुझ्या डिशमध्ये थेंब टाकायला तिला वेळ कधी मिळतो?"

"थेंब टाकायला वेळ लागत नाही."

"मग विचार तिला सरळ."

"विचारलं की सावध होईल."

शौनकने माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "आभा, तू साखरेवर रेघ ओढत्येस," एवढंच म्हणाला. तिने त्याला हे बाबांचं सांगितलं होतं, याचा तिला त्या क्षणी पश्चात्ताप झाला. माणसाला काही सांगितलं की ते असं परत येतं.

तिने अनुजाला बजावलं, "न विचारता माझ्या पेशींना हात लावलास तर बघ." हसत बजावलं, पण बजावलं. आणि मग पेशींच्या नळीवर बाहेरून बारीक खूण केली, द्रव जिथवर होता तिथे. दोन दिवसांनी द्रव खुणेच्या खाली होता. फार नाही, एखाद्याच्या लक्षातही आलं नसतं. आभा नळी उजेडात धरून उभी राहिली आणि तिला आश्चर्य वाटलं ते स्वतःचंच: तिला बरं वाटत होतं. छातीत मोकळं मोकळं. म्हणजे आपण वेडे नाही. तिच्या वडिलांना जे आयुष्यभर मिळालं नाही ते तिच्या हातात होतं.

मग तिने सापळा लावला. डिश मायक्रोस्कोपखाली ठेवली, "चहा घेऊन येते ग, लक्ष ठेव," म्हणाली, आणि जिन्यापर्यंत जाऊन परतली. खोलीच्या दाराला हाताएवढी काच आहे. आत पडद्याच्या हिरव्या उजेडात अनुजा डिशवर वाकली होती. तिचा एक हात डिशच्या अगदी जवळ होता. ओठ हलत होते. आभाने दार ढकललं तशी ती दचकून सरळ झाली.

"काय करत होतीस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"बघत होते फक्त, ताई." आणि ती लाल झाली, कानापर्यंत. आभाला वाटलं, बघा, रक्तसुद्धा खोटं बोलू देत नाही.

मार्च लागला. मुदतवाढीची शिफारस देबजानीदींना महिनाअखेरच्या आत करायची होती, आणि आभाच्या हातात एकही धड कंट्रोल नव्हता. ती त्यांच्याकडे गेली. तक्रार करायला म्हणून नाही, असं तिने स्वतःला जिन्यात समजावलं. फक्त परिस्थिती सांगायला. देबजानीदी पन्नाशीच्या, केस आखूड, आवाज हळू. कधी कुणावर ओरडल्याचं कुणाला आठवत नाही, आणि त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं कुठे गेली तेही कुणाला नीट आठवत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि अनुजाला आत बोलावलं. तिघीजणी, पंखा, टेबलावर संदेश मिठाईचं अर्धं खोकं.

"डिशवर वाकून काय करत होतीस ग?" देबजानीदींनी बंगालीत विचारलं.

अनुजाने खाली बघितलं. "त्यांना झोपा म्हणत होते."

"कुणाला?"

"पेशींना. उजळू नका, म्हणत होते. झोपून राहा." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "मी काचा बनवायला लागल्यापासून हे होतंय ना. मला भीती वाटायची."

देबजानीदींनी आभाकडे पाहिलं, आणि त्यांची एक भुवई किंचित वर गेली. आभाने मान दुसरीकडे वळवली. इतकं पोरकट खोटं सुचायलासुद्धा हुशारी लागते, असं तिच्या मनात आलं.

"आणि नळीतल्या पेशी? कमी कशा झाल्या?" देबजानीदींनी विचारलं.

अनुजाची नजर मिठाईच्या खोक्यावर गेली.

"बरं, आभा, तू सांग. जानेवारीपासून पद्धतीत काही बदललं होतं का? काहीही?"

"नाही," आभा म्हणाली. तिला खरंच काही आठवलं नाही. अनुजाने मान वर करून तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली, ओठ जरा उघडे, जणू कुणी अजून काही बोलायचं बाकी आहे. आभाने त्या नजरेचा अर्थ लगेच लावला: घाबरलेली माणसं अशीच बघतात.

देबजानीदी म्हणाल्या, "मी कुणावर आरोप करत नाही. पण दोघी एका खोलीत नकोत." चार दिवसांत अनुजा तळमजल्यावरच्या माशांच्या रोगांच्या गटात गेली. तिची खुर्ची तीर्थंकरने आपल्या टेबलाला लावून घेतली. जाताना तिने आभाच्या टेबलावर काचांचा उरलेला डबा ठेवला, पुसून, तारीख घालून. आभाने तो उघडलासुद्धा नाही, सरळ फेकून दिला.

त्यानंतर आभाने सगळं स्वतः केलं. काचा स्वतः धुतल्या, पेशी काचेला चिकटाव्यात म्हणून द्यायचा पॉलिलायसीनचा लेप स्वतः दिला, वाळवल्या, नळीपासून डिशपर्यंत दुसऱ्याचं बोट लागू दिलं नाही. खोलीची दुसरी किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. पडद्यासमोर बसली. पेशी काचेवर बसल्या, गोल, नीटस, एकही हलत नव्हती. आणि मग एक ठिपका हिरवा झाला.

तिचा पहिला संशय तीर्थंकरवर गेला. मग रंगाच्या बाटलीवर. मग एसीवर, कारण गार झोताने काहीही होऊ शकतं. मग क्षणभर, अगदी क्षणभर, शौनकवर. किल्ली पर्समध्ये होती आणि पर्स घरी असते. इथवर येऊन तिची तीच थांबली. पडद्यावर खिडक्या उजळत होत्या. तिने हात मांडीवर ठेवले आणि तिला जानेवारीअखेरची एक दुपार आठवली, मागवून घेतल्यासारखी नव्हे, नळ आपोआप सुटावा तशी. बेसिनपाशी ती हात धूत होती. त्या दिवशी पेशी काचेवर टिकल्या नव्हत्या, द्रव सोडला की वाहून जायच्या, आणि एवढ्या मेहनतीची चित्रफीत धुरकट आली होती. अनुजा बाजूला उभी होती, पलीकडे तीर्थंकर बाटल्या लावत होता. आणि आभा म्हणाली होती, "आजपासून काचा तू कर. आणि कोटिंग दुप्पट जाड दे ग. हलता कामा नयेत." बस, एवढंच. मग ती टॉवेलला हात पुसून निघून गेली होती आणि ते वाक्य तिथेच बेसिनपाशी राहिलं होतं. तेव्हापासून काचा जाड लेपाच्या. आज तिने स्वतःही तसाच दिला होता, सवयीने, विचार न करता.

लेपावर धन भार असतो, पेशीच्या अंगावर ऋण. म्हणून तर चिकटते. पण ती इतकी घट्ट ओढली जाते, इतकी पसरून काचेला भिडते, की रिसेप्टरना वाटतं कुणीतरी आलं. शेपटांवर मोहोर उठते. फाईल सरकते. दार उघडतं. आभाने एक काच लेपाशिवाय घेतली. पेशी टिकेनात, पडद्यावर इकडून तिकडे तरंगत राहिल्या, एकीचाही धड फोटो येईना. पण अंधार होता. तिने तासभर तो अंधार बघितला. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं आणि तरी तिला मागे वळून बघावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तिने अनुजाला गाठलं. अनुजा वाटाण्याची घुगनी खात होती, एकटी.

"कशी आहे नवी लॅब?"

"मासे आहेत, ताई. वास जात नाही अंगाचा. आई म्हणते बरं झालं, ट्रेनमध्ये जागा मिळते." ती हसली. मग हसणं तिने आवरून घेतलं, उरलेलं डब्यात भरावं तसं.

"अनुजा, ते कोटिंगमुळे होत होतं."

"हो."

"हो म्हणजे?"

"मला वाटलं होतं की माझ्याच हातात काही खराब आहे. म्हणून तुमच्या थोड्या पेशी घेतल्या. न विचारता. कोटिंग नसलेल्या काचेवर ठेवून बघितल्या. वाहून गेल्या सगळ्या, पण अंधार होता, ताई. इतका छान अंधार."

आभाने खुर्ची ओढून घेतली. "मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला होतात, हात लावलास तर बघ. सांगितलं तर आधी चोरी सांगावी लागली असती. तरी मी विचार केला, दीदींनी विचारलं की सांगेन. आणि त्यांनी विचारलं, काही बदललं का. मला वाटलं आता तुम्हीच सांगाल. मी वाट बघत होते."

"मला आठवलंच नाही ग. तू सांगायचंस."

"काय सांगू?" अनुजाने चमचा खाली ठेवला. "कोटिंग जाड कर, हे तुम्ही मला मराठीत सांगितलं होतं. तीर्थंकरदा तिथेच उभा होता, पण त्याला काय समजणार? साक्षीला कुणाला आणू? तुम्ही 'नाही' म्हणालात की झालं. आपल्या दोघींच्या बोलण्याला या बिल्डिंगमध्ये तिसरा कान नाही."

हाच तर आभाचा इतक्या दिवसांचा आनंद होता, तिसरा कान नसणं. कुणाची नक्कल करायची, कुणाला नावं ठेवायची, सगळं दोघींनी भर लॅबमध्ये, मोठ्याने. आभा म्हणाली, "मी आजच दीदींना सगळं सांगते. तुला परत आणायला सांगते."

"बघा," अनुजा म्हणाली. चिडून नाही. ट्रेनची वेळ सांगावी तसं.

देबजानीदींच्या टेबलावर शिफारसपत्रं पडली होती, संध्याकाळी जायची. आभाने सांगायला सुरुवात केली: लेप, भार, लेप नसलेली काच, अंधार. सांगता सांगता तिचं बंगाली तिला दगा देऊ लागलं म्हणून ती इंग्रजीवर गेली. देबजानीदी खुर्चीत पुढे सरकल्या. "शोना! हे तर निबंधात घालायला हवं. सगळे हाच लेप वापरतात. स्वस्थ म्हणून दाखवतात त्या पेशी स्वस्थ नसतातच. हे नवं आहे, आभा, हे फार चांगलं आहे." मग त्यांनी चष्मा काढला. "पण इतका जाड का होता? त्या मुलीने जाड दिला?"

प्रश्न सहज होता. उत्तर तीन शब्दांचं होतं, आणि ते जिभेवर आलेलं होतं. आभाला दिसलं की ते बोलल्यावर देबजानीदी चष्मा परत घालतील, त्या दिवशीचा तो 'नाही' आठवतील, आणि त्या हळू आवाजात म्हणतील, मी आरोप करत नाही. तिला शिफारसपत्रांची कड दिसली, पंख्याने उचलली जाणारी. तिला वाटलं, निबंध छापून आला की सांगू, तेव्हा सांगणं सोपं जाईल, अनुजालाही तेव्हाच जास्त उपयोग. हे सगळं फार झटकन झालं.

"हो," ती म्हणाली. "जरा जाड झाला होता."

देबजानीदींनी मान हलवली आणि पेन उचललं.

निबंध त्या वर्षाअखेर छापून आला, आणि तोवर कोण काय घेऊन गेलं ते उघड झालं. देबजानीदींना दूरदूरच्या परिषदांची आमंत्रणं आली. आभाला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली, आणि निबंधावरचं पहिलं नाव. तीर्थंकरला एक जादा खुर्ची. छापून आल्यावर सांगायचं ते आभाने सांगितलं नाही, कारण तेव्हा ते आणखीच अवघड झालं होतं. या सगळ्याचं जे मोल लागलं ते अनुजाने भरलं: टी-पेशींवरची दोन वर्षं, आपला विषय, आणि माशांच्या कामाला शून्यापासून लागताना सरत चाललेली फेलोशिप. आणि भरून झाल्यावरही नव्या मुलांना पद्धत शिकवताना देबजानीदी तिचं नाव न घेता सांगतात, एक मुलगी होती आमच्याकडे, लेप फार जाड द्यायची. आणि आभा तिथेच उभी असते, त्या मुलांना काचा धरून दाखवत.